फाइलमध्ये नवी ओळ जोडायची होती, जुन्या ओळीच गेल्या

डहाणूकर कॉलनीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एक पर्जन्यमापक आहे. तळमजल्यावरचे काका, निवृत्त भूगोल शिक्षक, पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला वर जाऊन त्यातलं पाणी मोजतात. साडेआठलाच, कारण हवामान खातंही चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते साडेआठ असाच धरतं. शिवाजीनगरच्या वेधशाळेच्या आकड्याशी आपला आकडा पडताळायचा तर वेळ तीच हवी. (हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात आलं, म्हणून त्या आवाराला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात. हे मला काकांनीच सांगितलं.)

वहीतल्या नोंदी संगणकावर असाव्यात म्हणून मी त्यांना पायथनमध्ये एक छोटा प्रोग्राम लिहून दिला. तारीख तो स्वतः घेतो, काका मिलिमीटर आणि एखाद्या शब्दाचा शेरा टाइप करतात, आणि टेक्स्ट फाइलच्या शेवटी एक ओळ वाढते. एवढंच काम. तरी दर पावसाळ्यात दोनतीनदा फोन येतो, "अगं, परत गेलं बघ सगळं." दर वेळी "सगळं गेलं" हे शब्द तेच, पण कारण वेगळं. ती सगळी कारणं इथे लिहून ठेवते आहे, कारण ॲपेंड करताना, म्हणजे फाइलच्या शेवटी जोडताना, इतरांच्याही नोंदी याच वाटांनी जातात. आणि पडून गेलेला पाऊस पुन्हा मोजता येत नाही. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, त्या आठवड्याच्या आमच्या नोंदी फाइलमधून पुसल्या गेल्या होत्या. काकांनी वही सोडली नव्हती म्हणून त्या परत भरता आल्या.

जिथे कोड येईल तिथे मी तो काकांना फोनवर सांगते तसाच सांगितला आहे. टाइप करताना अक्षरं अर्थात रोमन.

आधी हात थांबवा

फाइल रिकामी दिसली की प्रोग्राम पुन्हा चालवून बघावासा वाटतो. तो चालवू नका. चूक कोडमध्ये असेल तर उरलंसुरलंही जाईल. आहे त्या फाइलची वेगळ्या नावाने प्रत काढा. मग फाइल नोटपॅडमध्ये कुठे उघडी राहिली आहे का बघा. जुनं नोटपॅड बाहेर झालेला बदल आपणहून वाचत नाही, त्यामुळे त्या खिडकीत कालचा पूर्ण मजकूर अजून असू शकतो. असेल तर खिडकी बंद न करता सेव्ह ॲज करून नव्या नावाने ठेवा. काकांचा एक अख्खा जून महिना मी असा परत मिळवला आहे.

त्यानंतर फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा. आकार शून्य बाइट असेल तर फाइल पुसली गेली आणि लिहिण्याआधीच प्रोग्राम अडला. एका ओळीएवढा असेल तर फाइल पुसून आजचीच ओळ लिहिली गेली. आकार कालच्याएवढाच असेल तर बहुधा जुनं सगळं सुखरूप आहे, पण नवी ओळ दुसरीकडे गेली आहे किंवा अजून डिस्कवर पोचलेली नाही. कुठे शोधायचं हे या एका आकड्यावरून बरंचसं ठरतं.

डब्ल्यू आणि ए

सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण हेच. ओपन या फंक्शनला फाइलच्या नावानंतर मोडचं अक्षर द्यायचं असतं. आर म्हणजे वाचायला, डब्ल्यू म्हणजे नव्याने लिहायला, ए म्हणजे शेवटी जोडायला. बहुतेक जण डब्ल्यू म्हणजे नुसतं "लिहिणं" असं धरून चालतात. पण डब्ल्यू दिला की फाइल उघडतानाच तिची लांबी शून्य होते. राइटची ओळ येण्याच्या आधीच जुना मजकूर गेलेला असतो. पुढे तुम्ही एकही अक्षर लिहिलं नाही तरी तो परत येत नाही.

यातून शून्य बाइटचं कोडं सुटतं. आमच्याकडे ते असं घडलं होतं. पाऊस नसलेल्या दिवशी काकांनी आकड्याच्या जागी शून्य न लिहिता "निरंक" लिहिलं. रजिस्टरमध्ये आयुष्यभर तेच लिहीत आले होते. प्रोग्राम आधी फाइल डब्ल्यूने उघडत होता आणि नंतर मिलिमीटरचं फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश संख्येत, रूपांतर करत होता. "निरंक"चा फ्लोट होत नाही, व्हॅल्यू एरर आला, प्रोग्राम तिथेच थांबला, आणि मागे राहिली रिकामी फाइल. म्हणून अक्षर बदलून ए करणं हा अर्धाच उपाय आहे. उरलेला अर्धा क्रमात आहे: आकडा तपासून घ्या, तारीख घ्या, पूर्ण ओळ तयार करा, आणि मगच फाइल उघडा. "निरंक" आलं तर शून्य धरायचं, हेही आता कोडमध्येच आहे.

जाता जाता एक आनंदाची गोष्ट. काका आकडे देवनागरीत टाइप करतात, आणि मला वाटलं होतं की तेही अडेल. पायथनचा फ्लोट "१२.५" हा मजकूर बिनतक्रार साडेबारा म्हणून घेतो. देवनागरी अंक त्याला अंक म्हणूनच कळतात.

डब्ल्यूचं आणखी एक रूप लूपमध्ये दिसतं. ओपन लूपच्या आत असेल तर प्रत्येक फेरीला फाइल पुसली जाते आणि शेवटची ओळ तेवढी उरते. ओपन लूपच्या बाहेर असेल तर आजच्या सगळ्या ओळी उरतात, कालच्या जातात. हे दुसरं रूप फसवं, कारण चाचणी घेताना सगळं बरोबर दिसतं. पाथलिब हे फाइलींच्या पत्त्यांसाठीचं मॉड्यूल वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की त्यातलं राइट-टेक्स्टसुद्धा आधीचं पुसूनच लिहितं. जोडायचं असेल तर तिथेही पाथच्या ओपनला ए द्यावा लागतो.

काही जण भीतीपोटी आर-प्लस घेतात. त्याने फाइल पुसली जात नाही हे खरं, पण लिहिणं पहिल्या बाइटपासून सुरू होतं, म्हणजे नवी ओळ १ जूनच्या ओळीवरच बसते. ए-प्लसची खोड वेगळी आहे. "आजची नोंद आधीच झाली आहे का" हे बघण्यासाठी मी तो वापरला होता, आणि रोज उत्तर "नाही" येत होतं. कारण ए-प्लसमध्ये फाइल उघडल्यावर आपण शेवटाला उभे असतो, तिथून पुढे वाचलं तर रिकामा मजकूरच हाती येतो. आधी सीक शून्य करून वर जावं लागतं. लिहिताना मात्र कुठेही उभे असलात तरी ओळ शेवटालाच जाते. मी आता हे दोन कामांत तोडलं आहे: आरने उघडून वाचायचं, बंद करायचं, मग एने उघडून लिहायचं. वाचणाऱ्यालाही ते पटकन कळतं.

ओळी एकमेकींना चिकटतात

राइट स्वतःहून ओळ मोडत नाही. प्रिंट मोडतो, म्हणून सवयीने राइटही मोडेल असं वाटतं. राइटलाइन्स या नावामुळे तर फसायला होतंच, पण तेही ओळींच्या मध्ये काही घालत नाही. शेवटी बॅकस्लॅश एन, म्हणजे ओळमोडीची खूण, आपणच द्यायचा.

तो दिल्यावरही एक गोष्ट उरते. काकांनी एकदा शेवटच्या ओळीतला आकडा नोटपॅडमध्ये हाताने दुरुस्त केला आणि नकळत ओळीअखेरचं एंटर पुसलं गेलं. आधीची ओळ संपत होती ७.५ ने, नवी ओळ सुरू होत होती १३ जूनने. दोन्ही चिकटून फाइलमध्ये दिसायला लागलं ७.५१३. नुसतं बघणाऱ्याला तो सात पूर्णांक पाचशे तेरा मिलिमीटर पाऊस वाटेल.

यावर काही जण बॅकस्लॅश एन ओळीच्या सुरुवातीला टाकतात. मला ते पटत नाही. त्याने फाइलची पहिली ओळ रिकामी राहते आणि शेवटची कायम उघडी. ओळीचा शेवट ओळीबरोबरच लिहिला जावा, आणि जोडण्याआधी आधीची ओळ बंद आहे ना एवढं तपासावं. तपासणी अशी: फाइलचा आकार शून्याहून मोठा असेल तर ती आर-बी (बायनरी वाचनाच्या) मोडने उघडा, एफ डॉट सीक, कंसात वजा एक स्वल्पविराम दोन, म्हणजे शेवटापासून एक बाइट मागे. मग एफ डॉट रीड, कंसात एक. हाती आलेला बाइट बी लावलेल्या अवतरणातल्या बॅकस्लॅश एनएवढा नसेल, तर नव्या ओळीच्या आधी एक बॅकस्लॅश एन लिहा. आकाराची अट वगळू नका. रिकाम्या फाइलमध्ये मागे जायला जागाच नसते आणि ओएस-एरर येतो. बायनरी मोडही हवाच, टेक्स्ट मोडमध्ये शेवटापासून मागे मोजत जाता येत नाही.

ओळ जातेच कुठे?

फाइलचा आकार बदलत नाही, एररही येत नाही, आणि ओळही दिसत नाही. यात माझे दोन रविवार गेले.

मी फाइलचं नुसतं नाव दिलं होतं, पूर्ण पत्ता दिला नव्हता. नुसतं नाव दिलं की पायथन ती फाइल चालू फोल्डरमध्ये शोधतो, आणि चालू फोल्डर म्हणजे प्रोग्राम ठेवलेला फोल्डर असंच नाही. काका आयकॉनवर डबल क्लिक करून प्रोग्राम चालवत, तेव्हा दोन्ही एकच असत. मी सुट्टीच्या दिवशी खाली जाऊन व्हीएस कोड या एडिटरमधून चालवत असे, तेव्हा चालू फोल्डर म्हणजे त्यात उघडलेला वरचा फोल्डर. एने उघडताना फाइल सापडली नाही तर तक्रार होत नाही, त्याच नावाची नवी फाइल तयार होते. परिणामी आमच्याकडे एकाच नावाच्या दोन फाइली रोज थोड्याथोड्या वाढत होत्या. नोंदी गेल्या नव्हत्या, पण काकांसाठी त्या गेल्यासारख्याच होत्या.

आता पत्ता प्रोग्रामच्या जागेवरूनच ठरतो: पाथ, कंसात दोन अंडरस्कोअर फाइल दोन अंडरस्कोअर, त्याचं रिझॉल्व्ह, त्याचं पेरेंट, मग तिरपी रेघ आणि फाइलचं नाव. शिवाय लिहून झालं की ज्या फाइलमध्ये लिहिलं तिचा पूर्ण पत्ता स्क्रीनवर छापला जातो. काका तो वाचतात आणि फोनवर मला वाचूनही दाखवतात. शोधायचा निम्मा वेळ त्यानेच वाचला. डबल क्लिकने चालवताना एरर आला तर खिडकी वाचायच्या आत मिटते, तेही लक्षात असू द्या. एकदा कमांड प्रॉम्प्टमधून चालवून बघितलं की खरा एरर दिसतो.

पत्ता हाताने लिहिणाऱ्या मराठी माणसासाठी आणखी एक खड्डा आहे. आमच्या फोल्डरचं नाव "नोंदी", रोमनमध्ये एन ने सुरू होणारं. विंडोजचा पत्ता साध्या अवतरणात लिहिला की बॅकस्लॅशच्या पुढे एन येतो आणि पायथन त्या जोडीला ओळमोड समजतो. पत्त्याच्या मधोमध ओळ तुटते आणि इनव्हॅलिड आर्ग्युमेंट असा एरर येतो. फोल्डरचं नाव "तारीख" असेल तर टी मुळे टॅब होतो. अवतरणाच्या आधी आर लावा, किंवा सरळ पुढे झुकलेली तिरपी रेघ वापरा. विंडोजवर पायथनला तीही चालते.

शेरा मराठीत लिहिला आणि अर्धी ओळ उरली

दुसऱ्या वर्षी काकांना शेरा हवासा झाला: भुरभुर, वळीव, मुसळधार. पहिल्याच दिवशी युनिकोड-एनकोड-एरर आला, त्यात कॅरमॅप असा शब्द. ओपनला एन्कोडिंग (अक्षरं बाइटमध्ये लिहायची पद्धत) सांगितलं नसेल तर विंडोजवर पायथन सिस्टिमचं जुनं कोडपेज, म्हणजे अक्षरांचा जुना तक्ता, वापरतो आणि त्यात देवनागरी नसते. उपाय एक शब्दाचा आहे, एन्कोडिंग बरोबर यूटीएफ-८. पायथन ३.१५ पासून हेच मुळात गृहीत धरायचं ठरलं आहे, तरी मी ते लिहीतच राहणार. सोसायटीतल्या संगणकावर कुठली आवृत्ती असेल यावर नोंदी सोडायच्या नाहीत.

यातून निघालेला खरा धडा मात्र वेगळा होता. मी तारीख, मिलिमीटर आणि शेरा तीन वेगवेगळ्या राइटने लिहीत होते. पहिले दोन पार पडले, तिसऱ्यावर एरर आला. फाइल बंद होताना पहिले दोन तुकडे डिस्कवर गेले, ओळमोड मात्र शेऱ्याबरोबर जायची होती, ती गेलीच नाही. दुसऱ्या दिवशीची ओळ त्या अर्ध्या ओळीला चिकटली. तेव्हापासून पूर्ण ओळ आधी एका व्हेरिएबलमध्ये तयार होते आणि एकाच राइटने जाते.

फाइल एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए पुन्हापुन्हा दिसत असेल, तर फाइल बिघडलेली नाही, एक्सेल ती चुकीच्या एन्कोडिंगने वाचतो आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि त्यातला पहिला बाइट नेहमी तोच असतो, म्हणून तो ए सारखा येतो. नवी फाइल सुरू करताना यूटीएफ-८-सिग हे एन्कोडिंग दिलं की सुरुवातीला एक खूण बसते आणि एक्सेलला ती ओळखता येते. पुढे त्याच एन्कोडिंगने ॲपेंड करत राहिलात तरी पायथन ती खूण मध्येमध्ये टाकत नाही.

सीएसव्ही मॉड्यूल वापरून विंडोजवर एकाआड एक रिकामी ओळ येत असेल तर ओपनला न्यूलाइन बरोबर रिकामं अवतरण द्या. बाकी काही करावं लागत नाही.

वीज गेली, नोटपॅड उघडं राहिलं

राइट म्हटलं म्हणजे डिस्कवर गेलं असं नाही. मजकूर आधी बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या जागेत, साठतो, आणि बफर भरला किंवा फाइल बंद झाली की पुढे जातो. माझा स्वतःचा एक प्रोग्राम दर दहा मिनिटांनी गच्चीवरचं तापमान लिहायचा आणि दिवसभर फाइल उघडी ठेवायचा. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुतेक गुरुवार. एका गुरुवारी सकाळी वीज गेली, आणि फाइलमध्ये पहाटेनंतरची एकही नोंद नव्हती. दहा मिनिटांनी एक छोटी ओळ, बफर भरायला कित्येक तास लागणार. आता प्रत्येक नोंदीला फाइल उघडते, लिहिते आणि बंद होते. उघडी ठेवणं भागच असेल तर प्रत्येक ओळीनंतर एफ डॉट फ्लश, आणि वीज जायची खरी भीती असेल तर त्यामागून ओएस डॉट एफसिंक, कंसात एफ डॉट फाइलनो. फ्लश मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत नेतो, एफसिंक तो डिस्कपर्यंत न्यायला लावतो.

कोड पूर्ण बरोबर असूनही ओळी जातात, त्याचं कारण सापडायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. काका सकाळी फाइल नोटपॅडमध्ये उघडून कालचा आकडा बघत, खिडकी तशीच ठेवत, प्रोग्राम चालवत. नवी ओळ फाइलमध्ये व्यवस्थित जात असे. संध्याकाळी नोटपॅड बंद करण्याआधी ते सवयीने कंट्रोल एस दाबत, आणि नोटपॅड सकाळचा जुना मजकूर फाइलवर लिहून टाकत असे. आजची ओळ गेली. जी उघडी खिडकी पुसलेल्या नोंदी वाचवते, तीच नव्या नोंदी पुसते. एक्सेलचं बरं, फाइल त्यात उघडी असेल तर पायथनला परमिशन एरर येतो आणि निदान कळतं तरी. म्हणून प्रोग्राम आता ओळ लिहून झाल्यावर शेवटच्या सात नोंदी स्वतःच स्क्रीनवर दाखवतो. नोटपॅड उघडायचं कारणच उरलं नाही.

इतर भाषांतही गाठ याच जागी आहे. जावामध्ये फाइल-रायटरला दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं नाही तर फाइल पुसली जाते. पीएचपीत फाइल-पुट-कंटेंट्सला फाइल-ॲपेंड ही खूण द्यावी लागते. नोडमध्ये राइट-फाइल पुसतो आणि ॲपेंड-फाइल जोडतो. शेलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) एक मोठं-पेक्षा चिन्ह पुसतं, दोन जोडतात, आणि एक कळ कमी दाबली गेली की महिन्याची नोंद जाते. लिनक्सवर ईएक्सटी-४ डिस्क असेल तर रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) होऊन सीएचॲटर अधिक ए ही कमांड त्या फाइलला लावून ठेवता येतं. मग तिच्यात जोडता येतं, पुसता मात्र येत नाही. माझ्या तापमानाच्या फाइलला ते लावलेलं आहे.

काकांच्या प्रोग्रामची शेवटची दोन ओळींची गाठ आता अशी आहे. वर पत्ता ठरला, आकडा तपासला, आधीची ओळ बंद आहे हे बघितलं, पूर्ण ओळ तयार झाली. मग: विथ ओपन, कंसात पत्ता, स्वल्पविराम, अवतरणात ए, स्वल्पविराम, एन्कोडिंग बरोबर अवतरणात यूटीएफ-८, कंस पूर्ण, ॲज एफ, कोलन. खाली चार स्पेस आत: एफ डॉट राइट, कंसात ओळ अधिक अवतरणात बॅकस्लॅश एन. या दोन ओळींच्या आधी रोज फाइलची एक प्रत तारखेच्या नावाने वेगळ्या फोल्डरमध्ये पडते. अख्ख्या पावसाळ्याच्या प्रती मिळूनही डिस्कवर जागा म्हणावी अशी लागत नाही.

वही काकांनी बंद केलेली नाही. गच्चीवरून उतरले की आधी तिच्यात लिहितात, मग संगणकासमोर बसतात.